सुट्या भागाची वाट

प्रिय विद्यार्थिमित्रास,
अनेक आशीर्वाद.

विमानवाहू नौकेचा तुझा आराखडा दोन दिवस समोर ठेवून पाहिला. उड्डाण-डेकचे काम तू मन लावून केले आहेस; विमाने उतरण्याची तिरकी पट्टी आणि पुढची उड्डाणाची जागा एकमेकींच्या आड येत नाहीत. पण हँगरखालच्या, म्हणजे डेकखाली विमाने ठेवण्याच्या दालनाखालच्या, पंपाच्या खोलीपाशी मी थांबलो, कारण तिचे दार पंपापेक्षा अरुंद आहे. नौका पन्नास वर्षे चालायची असेल, तर तो पंप अनेकदा बाहेर काढावा लागेल आणि दर वेळी बल्कहेड, म्हणजे नौकेतली पोलादी आडभिंत, कापून पुन्हा वेल्डिंग करावे लागेल. सुट्या भागांचा विचार नौका बांधून झाल्यावर भांडारात बसून करायचा नसतो. तो आराखड्याच्या पहिल्या कागदावरच व्हावा लागतो, हे मला तुला आग्रहाने सांगायचे आहे.

अरेस्टर वायरचेच पाहा. उतरणारे विमान आपला हूक जिच्यात अडकवते, ती तार वरून सलग दिसते, पण डेकवर आडवा पसरलेला तुकडा वेगळा असतो आणि डेकखालच्या यंत्रातील कप्प्यांवरून फिरणारा लांब दोर वेगळा. हूकचा मार आणि डेकवरचे घासणे आडव्या तुकड्याच्या वाट्याला येते, म्हणून अमेरिकी नौकांवर तो साधारण शंभर-सव्वाशे उतरणींनंतर बदलून टाकतात. लांब दोर मात्र त्याहून पुष्कळ जास्त काळ टिकतो. आधी काय झिजणार हे ओळखून रचनाकाराने जोड नेमका तिथे ठेवला. मला ही साधी रचना नौका चालवणाऱ्या अणुभट्टीपेक्षाही अधिक अभ्यासण्याजोगी वाटते.

विमाने हँगर आणि डेक यांच्यात वर-खाली नेणाऱ्या लिफ्टची जागाही अशाच विचाराने बदलली. डेकच्या मध्यावरची लिफ्ट खाली अडकली की धावपट्टीतच खड्डा पडतो, आणि तिच्या चौकटीत न मावणारे विमान कधीच खाली नेता येत नाही. कडेच्या लिफ्टवर विमानाचे शेपूट समुद्रावर बाहेर राहू शकते. तू लिफ्ट कडेला घेतली आहेस, ते योग्यच केलेस.

आता एकाच नमुन्याच्या किती नौका बांधायच्या, याकडे वळतो. 1961 साली सेवेत आलेल्या अमेरिकी विमानवाहू नौका ‘एंटरप्राइझ’मध्ये आठ अणुभट्ट्या होत्या. तिच्या आणखी भगिनी नौका बांधायच्या होत्या, पण त्या झाल्या नाहीत, त्यामुळे तिचे कित्येक भाग खास तिच्यासाठीच घडवावे लागत. पुढे ‘निमिट्झ’ वर्गाच्या दहा नौका झाल्या, प्रत्येकीत दोनच अणुभट्ट्या, आणि भागांचा साठा सर्वांसाठी सामाईक ठेवणे शक्य झाले. तरीही भगिनी नौकेवर विसंबून राहू नकोस. ‘निमिट्झ’नंतरच्या वर्गातल्या ‘जेराल्ड फोर्ड’साठी तिच्याच बांधणीत असलेल्या भगिनी नौकेचे, ‘जॉन एफ. केनेडी’चे, भाग काढून द्यावे लागले होते. तशा वेळी एका नौकेची अडचण दुसरीच्या वेळापत्रकात शिरते.

भाग नौकेपर्यंत कसा पोहोचणार, हाही आराखड्याचाच प्रश्न आहे. एफ-35 या लढाऊ विमानाच्या इंजिनाचे पॉवर मॉड्युल, म्हणजे इंजिनाचा सर्वांत मोठा मुख्य भाग, जुन्या सी-2 ग्रेहाउंड मालवाहू विमानात मावत नसे. त्याच्या जागी आलेल्या सीएमव्ही-22 ऑस्प्रे विमानाच्या पोटात ते मावते. इंजिन आखणाऱ्यांनी मालवाहू विमानाचे दार मोजले नाही, तर त्याची किंमत भर समुद्रात मोजावी लागते.

आणि नौकेचे आयुष्य तिच्या पुरवठादारांपेक्षा मोठे असते, हे मनात पक्के धर. ‘हर्मिस’ या ब्रिटिश विमानवाहू नौकेची बांधणी 1944 मध्ये सुरू झाली, 1959 मध्ये ती ब्रिटिश नौदलात आली, आणि ‘विराट’ या नावाने 1987 पासून 2017 पर्यंत भारतीय नौदलात राहिली. एवढ्या काळात मूळ कारखाने बंद होतात, धातूंची जुनी मानके बदलतात. म्हणून प्रत्येक भागाच्या चित्रावर मापाबरोबर धातूचा प्रकार, उष्णता-प्रक्रिया आणि मापात चालू शकणारा फरक स्पष्ट लिही, म्हणजे तुला कधीही न भेटलेला कारागीरसुद्धा तो भाग नव्याने घडवू शकेल.

पुढच्या पत्रात नवा आराखडा पाठवू नकोस. तोच पंप घे, आणि त्याच्या जागेपासून हँगरपर्यंत, तिथून कडेच्या लिफ्टवर आणि लिफ्टवरून उड्डाण-डेकपर्यंत त्याची वाट लाल रेघेने काढ. वाटेतले प्रत्येक हॅच, प्रत्येक वळण आणि पंप टांगण्यासाठी वर लागणारी प्रत्येक कडी दाखव, आणि सर्वांत अरुंद जागेचे माप शेजारी लिहून मला कळव.

तुझ्या पत्राची वाट पाहतो.