मॅग्नेशियम: ताकद वाढवली की गंजही वाढतो का?

प्रश्न: वाळूच्या साच्यात ओतलेलं एझेड९१चं (मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम-झिंक मिश्रधातूचं) हाउसिंग, म्हणजे यंत्राचं बाहेरचं कवच, ताकदीला कमी पडतंय. टी६ हीट ट्रीटमेंट दिली तर गंजाचा त्रास वाढेल का?

प्रमाणात दिली तर सहसा नाही. टी६चे दोन टप्पे: आधी टी४, मग एजिंग, म्हणजे कमी तापमानाला बराच वेळ ठेवणं. टी४ म्हणजे सुमारे ४१३ अंश सेल्सिअसला १६ ते २४ तास. यानंतर यील्ड (कायमचा वाक येण्याआधी धातू सोसतो तो ताण) ९० मेगापास्कलच्या आसपास आणि लांबण (तुटण्याआधी धातू किती ताणला जातो) १५ टक्क्यांपर्यंत मिळते. त्यावर १६८ अंशांना १६ तास एजिंग केलं की यील्ड १४५च्या घरात जातं, पण लांबण ६ टक्क्यांवर येते. हाउसिंगला धक्के बसणार असतील तर हा सौदा आधी तपासा.

गंजाचा भाग मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या बीटा संयुगावर ठरतो. कणांच्या कडेने त्याचं सलग जाळं असेल तर ते गंजाला अडवतं. तुटक तुकडे असतील तर तेच कॅथोड (गंजाचा प्रवाह ओढणारं टोक) बनून शेजारचं मॅग्नेशियम खातात. टी४ने हे जाळं विरघळतं, एजिंगने बीटा बारीक रूपात परत येतो. एजिंग लांबवत नेलं तर मात्र मूळ धातूतलं ॲल्युमिनियम कमी होत जातं आणि गंज वाढतो.

भट्टीत घाई नको. बीटाचं युटेक्टिक (सर्वात आधी वितळणारं मिश्रण) ४३७ अंशांना वितळतं, त्यामुळे तुकडे २६० अंशांना आत घालून तापमान दोनेक तासांत हळूहळू चढवा. एकदम तापवलं तर आतल्या आत वितळून भोकं पडतात. आत १ टक्क्याच्या आसपास सल्फर डायऑक्साइड किंवा ३ ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइड हवा, नाहीतर पृष्ठभाग जळतो. आणि हे सगळं वाळूच्या ओतकामासाठी. नेहमीच्या डाय कास्टिंगच्या (दाबाने धातूच्या साच्यात ओतलेल्या) तुकड्यात गॅस अडकलेला असतो, ४१३ अंशांना त्याचे फोड येतात.

प्रश्न: एझेड९१डीचे (एझेड९१चा कमी अशुद्धीचा प्रकार) दोन लॉट, एकच डाय. साल्ट स्प्रेत (मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत) एक टिकला, दुसऱ्यावर काळे खड्डे पडले. रिपोर्टमध्ये लोह ०.००५ टक्के, म्हणजे मर्यादेतच आहे. मग चूक कुठे?

रिपोर्टमधला मँगनीजचा आकडा बघा. या मिश्रधातूत लोहाची मर्यादा ०.००५, निकेलची ०.००२, तांब्याची ०.०३० टक्के, पण लोहाची खरी सहनशीलता मँगनीजशी बांधलेली आहे. लोह भागिले मँगनीज ०.०३२च्या वर जाता कामा नये. मँगनीज ०.२० असेल तर ०.००५ लोहाला गुणोत्तर ०.०२५, चालेल. मँगनीज ०.१३वर उतरलं की तेच लोह ०.०३८ होतं आणि तुकडा गंजतो. मँगनीज लोहाला आपल्या कणांत बांधून ठेवतं. ते कमी पडलं की लोहाचे कण मोकळे राहतात.

मँगनीज उतरतं कसं? मेल्ट, म्हणजे वितळलेला धातू, थंड पडला की मँगनीज आणि लोह ॲल्युमिनियमसोबत गाळ होऊन तळाशी बसतात. मग कोणी तापमान वाढवतं, पोलादी मुशीतून नवं लोह विरघळतं, पण गाळातलं मँगनीज तितक्या लवकर परत येत नाही. म्हणून होल्डिंग तापमान (धातू वितळलेला ठेवण्याचं) स्थिर ठेवा, तळ ढवळू नका, आणि नमुना इनगॉटचा (कच्च्या धातूच्या विटेचा) नको, ओतलेल्या तुकड्याचा पाठवा. मूस निकेलयुक्त स्टेनलेसची असेल तर आधी ती बदला.

गुणोत्तर ठीक असूनही खड्डे पडले तर शॉट ब्लास्टिंगकडे (धातूचे दाणे मारून पृष्ठभाग साफ करणं) वळा. लोखंडी शॉटचा अंश पृष्ठभागावर राहतो आणि चांगला मिश्रधातूही वाईट दिसतो. ॲसिड पिकलिंगने वरचा थर काढला की फरक कळतो. मशीनिंगने बारीक कणांची ओतीव कातडी निघाली असेल, तर तो भागही आधी गंजेल.

घरच्या चाचणीत मिठाच्या पाण्यात बुडवून निघालेला हायड्रोजन मोजता येतो: १ मिलिलिटर वायू म्हणजे साधारण १ मिलिग्रॅम मॅग्नेशियम गेलं. दर चौरस सेंटिमीटरला दिवसाला १ मिलिग्रॅम म्हणजे वर्षाला सुमारे २.१ मिलिमीटर.

प्रश्न: तुकडा रंगवला, तरी पोलादी बोल्टभोवती खड्डा पडतोच. रंग जाड करू का?

नको. मॅग्नेशियमवरच रंग आणि बोल्ट उघडा, ही सर्वात वाईट मांडणी. रंगावर एक ओरखडा पडला की बोल्ट आणि मॅग्नेशियममधला सगळा विद्युतप्रवाह त्या एवढ्याशा जागेतून जातो. बोल्टलाच कोटिंग द्या, डोक्याखाली ५०५२ किंवा ६०६१ ॲल्युमिनियमचा रुंद वॉशर घाला. तांबंयुक्त ॲल्युमिनियम वॉशरला वापरू नका. पाणी साचणार नाही अशी जागा निवडा आणि धारदार कडा गोल करा. तिथेच रंग पातळ बसतो.

प्रश्न: एझेड९१मध्ये झिर्कोनियम घालून कण बारीक करता येतील का?

नाही. झिर्कोनियम ॲल्युमिनियमशी जोडून तळाला जातं. ते डब्ल्यूई४३सारख्या ॲल्युमिनियमविरहित मिश्रधातूंसाठी. तिथे ते लोहही सोबत खाली नेतं.