वाघाआधी हरणं मोजायला शीक

वाघावर संशोधनाचं काम करायचंय हे छानच, पण सुरुवात हरणांपासून कर. एका वाघाला वर्षाला साधारण ५० खुरवाले प्राणी लागतात. ते नसतील तर जंगल कितीही दाट दिसो, वाघ टिकत नाही. म्हणून आधी भक्ष्याची घनता, म्हणजे दर चौरस किलोमीटरला किती प्राणी, ती काढायला शीक. ट्रान्सेक्टवर, म्हणजे मोजणीसाठी जंगलात आखलेल्या सरळ रेषेवर, पहाटे हळू चालायचं, कळप दिसला की संख्या, आपल्यापासूनचं अंतर आणि रेषेशी होणारा कोन जागच्या जागी टिपायचा. संध्याकाळी आठवून लिहिलेलं अंतर मी तरी ग्राह्य धरत नाही.

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, वाटेच्या दोन्ही बाजूंना लाव. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात; दोन्ही बाजू जुळवल्या नाहीत, तर तोच वाघ दोनदा मोजला जाऊ शकतो. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात १९९० च्या दशकात या पट्ट्यांच्या ओळखीला संख्याशास्त्राची जोड दिली. तेव्हा आकडेमोड टाळू नकोस, ‘आर’ ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा आत्ताच शिकायला घे.

आणि वनरक्षक, वाटाडे यांच्यासोबत भरपूर हिंड. ओढा कधी आटतो, गवे कुठे उतरतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. शोधनिबंध लिहिशील तेव्हा त्यांची नावं नुसती आभारात नकोत. काम त्यांचं असेल तर लेखकांच्या यादीत घाल.