९ टक्क्यांच्या बेल्जियन ट्रिपेलसाठी यीस्ट कोणतं घ्यावं?

तुम्ही रावेरचे, सध्या बेल्जियममध्ये शिकताय आणि तिथे घरी ट्रिपेल, म्हणजे फिक्या रंगाची कडक बिअर, करायची म्हणताय. सरळ सांगतो, सेफएल बीई-२५६ किंवा लॅलब्रू अ‍ॅबे घ्या. दोन्ही कोरडी आहेत आणि इतकं अल्कोहोल सहज पेलतात. द्रवरूपच हवं असेल तर वेस्टमाले या बेल्जियन मठाच्या ब्रुअरीचं वाण बघा; वेस्टव्हलेटरेन मठवालेही तेच वापरतात.

पण खरी मेख तापमानात आहे. आपल्याकडे केळी पिकवायच्या खोलीचं दार उघडलं की भपकन वास येतो ना, तोच आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हे यीस्टही बनवतं. थोडा असला तर बहार! सुरुवातीलाच २५ अंशांच्या वर गेलात तर नुसती केळी, शिवाय घशाला झोंबणारं जड अल्कोहोल. मी पुण्यात ब्रुअरीत असताना एक अख्खी टाकी अशीच गेली, अजून जीव हळहळतो. १८ वर सुरू करा, तीन दिवसांनी हळूहळू २२ पर्यंत चढू द्या.

२० लिटरला दोन पाकिटं टाका, इथे हात आखडू नका. साखर मात्र उकळताना सगळी न टाकता थोडी मागे ठेवा, आंबणं जोरात आलं की घाला.

सुट्टीत गावी आलात तर हे करू नका, महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे.