पहिली ओळ तुझ्या मनातली लिही

प्रश्न : बाई, मी कागल तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीनं कोल्हापूरला कॉलेजला येते. बारावी सायन्स, गणित घेतलंय, इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा म्हणजे सीईटी देणार आहे. क्लासचे सर सांगतात, कॉलेजांचा पसंतीक्रम लिहायच्या ऑप्शन फॉर्ममध्ये ‘मिळतील अशीच’ कॉलेजं वर टाका, मोठी नावं वर घातली की फेरी वाया जाते. पप्पांना कॉम्प्युटर हवंय. मला फिजिक्स आवडतं, पण घरी बोलायचं धाडस होत नाही. आत्तापासून काय काय करून ठेवू?

उत्तर : बाळ, मोठी नावं वर घातली की फेरी वाया जाते, हे साफ चुकीचं आहे. दर जूनमध्ये मी हे वाक्य ऐकते आणि दर जूनमध्ये कुणाचं ना कुणाचं त्यानं नुकसान होतं, म्हणून आधी तेच सांगते.

कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत गुणवत्ता यादीच्या क्रमानं एकेकाचा फॉर्म बघितला जातो. तुझी पाळी आली की तुझी पहिली पसंती तपासतात. तिथं जागा नसेल तर दुसरी, मग तिसरी. पाचव्या ओळीतल्या कॉलेजात तुला जागा मिळणार असेल, तर वर चार मोठी कॉलेजं लिहिली म्हणून ती जात नाही. खरा धोका उलट्या बाजूला आहे. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती घ्यावीच लागते. नाही घेतली तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे भीतीपोटी नको असलेलं कॉलेज वर लिहिलंस आणि ते मिळालं, की वाट तिथंच संपली. पुढच्या फेऱ्यांत हा नियम वरच्या आणखी काही पसंतींना लागतो. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतलं ते पान पप्पांना शेजारी बसवून वाच.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या मनात सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं ते तिसऱ्या नंबरवर लिहिलं, वर जवळची दोन कॉलेजं. पहिलं मिळालं. कटऑफ लागल्यावर ती यादी घेऊन माझ्या घरी आली. वालचंदच्या शेवटच्या पर्सेंटाइलभोवती तिनं पेन्सिलनं गोल केला होता, कागद फाटेपर्यंत गिरवलेला. तिचे पर्सेंटाइल त्याहून जास्त होते. ती यादी मी अजून कपाटात ठेवली आहे.

तेव्हा एक दोनशेपानी वही घे आणि कटऑफ न बघता, खरोखर जिथं शिकावंसं वाटतं त्या क्रमानं कॉलेज आणि शाखा लिही. कटऑफ नंतर बघ. त्यावरून यादी खाली कुठपर्यंत न्यायची तेवढंच ठरवायचं. खाली हमखास मिळतील अशी चार-पाच नावं हवीतच, पण त्यांची जागा खालीच. निकालाच्या गडबडीत सायबर कॅफेत बसून क्रम ठरवू नकोस. तिथं मागे दहा जण उभे असतात आणि प्रत्येकाचं मत वेगळं असतं.

परीक्षेचं थोडक्यात सांगते. सीईटीत १५० प्रश्न, २०० गुण. गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २, बाकी १०० प्रश्नांना प्रत्येकी १. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीवर असतात, ती पुस्तकं रद्दीत घालू नकोस. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे तुझ्यासोबत बसलेल्या शंभरातली नव्वद मुलं तुझ्याइतकी किंवा तुझ्या मागे. आणि बोर्डाला विसरू नकोस. इंजिनिअरिंगला खुल्या गटातून किमान ४५ टक्के आणि राखीव गटातून ४० टक्के लागतात.

आता फिजिक्स. मी आयुष्यभर तोच विषय शिकवला, त्यामुळं माझं मन कुठं झुकतं ते तुला कळलंच असेल. तरीही इंजिनिअरिंगचा फॉर्म भरू नकोस असं मी म्हणणार नाही. दोन्ही भर. पुण्याच्या आयसरमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, पाच वर्षांचा बीएस-एमएस हा पदवी आणि पदव्युत्तर असा एकत्र अभ्यासक्रम आहे. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी आणि फॉर्मही वेगळा. तो बोर्डाची परीक्षा संपता संपता निघतो आणि आपल्याकडच्या हुशार मुलांच्या तो लक्षातच येत नाही. गावाजवळ राहायचं असेल तर राजाराम कॉलेज आहे, विवेकानंद आहे, बीएस्सीनंतर शिवाजी विद्यापीठात एमएस्सी होते. घरी ‘मला कॉम्प्युटर नको’ असं सांगू नकोस. फिजिक्स शिकून पुढं काय होतं हे एका कागदावर लिहून पप्पांपुढं ठेव. त्यांना तुझ्या पोटापाण्याची काळजी आहे, फिजिक्सशी वैर नाही. निकालानंतर नाही, याच महिन्यात बोल.

कागदपत्रांचं मात्र मी पोळल्यावर शिकले. माझ्या मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिच्या वडिलांच्या नावातला एक काना गळला होता. बारा वर्षं कुणाच्या नजरेस आला नाही. दाखले काढायच्या वेळी खिडकीवरच्या माणसानं अर्ज परत सरकवला आणि त्या एका कान्यासाठी आमचे अकरा दिवस गेले. तू आजच दाखला, आधार आणि दहावीचं गुणपत्रक शेजारी ठेव आणि अक्षर न् अक्षर ताडून बघ. अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला सेतूतून काढ. आरक्षणातून अर्ज करणार असशील तर जात पडताळणीचा प्रस्ताव कॉलेजमार्फत आत्ताच जाऊ दे, त्याला महिने लागतात. नॉन क्रीमी लेअरवरची तारीख बघ. ३१ मार्चला संपलेला दाखला जूनमध्ये चालत नाही.

प्रश्न : मॅडम, मी चंदगडचा शेतकरी, तीन एकर जमीन. मुलगी आणि पुतण्या दोघंही बारावीला आहेत. एक जण म्हणतो, पैसे भरा, मॅनेजमेंटमधून सीट आत्ताच पक्की करतो. काय करावं?

उत्तर : दादा, एक रुपयाही देऊ नका. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी सरकार भरतं. पण प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की हा लाभ गेला. मुलीची फी माफ होत असताना तुम्ही तिच्यासाठी ऊसबिल मोडू नका. पुतण्यासाठी राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते, त्याच्या घरचं उत्पन्नही आठ लाखांच्या आत हवं. दोघांचेही अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर वेगळे भरावे लागतात, कॉलेजात प्रवेश झाला म्हणजे ते आपोआप होत नाही.

राहण्याचा खर्च यात येत नाही. तुम्ही अल्पभूधारक आहात, तेव्हा पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी तहसीलदारांकडून तसा दाखला घ्या. मुलीसाठी कॉलेजचंच वसतिगृह आधी बघा. पुतण्यासाठी बोर्डिंगं आहेत. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये पहिलं बोर्डिंग काढलं ते तुमच्यासारख्यांच्याच मुलांसाठी, आणि त्या परंपरेतली बोर्डिंगं आजही दसरा चौकात उभी आहेत. मे महिन्यात एक दिवस काढून त्याला सोबत घेऊन या, दहावीचं गुणपत्रक घेऊन आत जा आणि अर्ज कधी निघतो ते तिथल्या रेक्टरनाच विचारा.