‘शाळा’तून ‘कोसला’कडे: नव्या शिक्षकासाठी

अकरावीच्या वर्गात थेट भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी उघडू नका. दहा पानांतच ‘यात काही घडतच नाही’ अशी तक्रार येते, कारण मुलं कथानक शोधतात, सांगणाऱ्याचा आवाज ऐकत नाहीत. तो कान आधी मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ने तयार करा: नववीतला मुकुंद, आणीबाणीचा काळ, प्रथमपुरुषी निवेदन.

पूर्ण कादंबरी नको. पाच-सहा पानांचे दोन उतारे, दोन तास, आणि वाचन मोठ्यानेच. घरी कोंकणी बोलणारी आपली मुलं बोलीची लय कानाने पटकन पकडतात, छापील ओळीवर मात्र अडखळतात. मुकुंद काय सांगतो आणि काय लपवतो, हे दोन रकान्यांत लिहून घ्या. तिसऱ्या तासाला तेच रकाने ‘कोसला’चा निवेदक पांडुरंग सांगवीकर याच्यासाठी. सुरुवात डायरीच्या भागाने करा, तुटक नोंदी मुलांना पेलतात. ‘वगैरे’, ‘उदाहरणार्थ’ यांखाली रेघा मारायला लावा. हे शब्द कुठे दुःखावर पांघरूण घालतात ते मग मुलंच दाखवतात.

‘दोन्हींतलं साम्य लिहा’ हा प्रश्न टाळाच, उत्तरं गाइडमधली येतात. फरक विचारा. प्रती कमी पडल्या तर पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आधी चौकशी करा.