थंड आणि कोरड्या हवेत दर हिवाळ्यात झाडं वाळतात, बागेची काळजी कशी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षी लावलेलं स्प्रूस (सुयांसारख्या पानांचं सदाहरित झाड) थंडी संपता संपता एका बाजूने तपकिरी पडलं, म्हणून आता जास्त थंडी सोसणाऱ्या जाती शोधताय. जाती बदलायच्या आधी झाड थंडीने गेलं की तहानेने हे बघा, कारण कोरड्या हवेत बहुतेक वेळा तहानच असते.

मी पण पहिली दोन वर्षं पानगळ झाली की नळ बंद करून पाइप गुंडाळून ठेवायचो, झाडं झोपलीत, त्यांना कशाला पाणी, असं वाटायचं. पण स्प्रूस, पाइन, ज्युनिपर यांच्या सुयांमधून हिवाळ्यातही पाणी उडत असतं, ऊन आणि वारा असला की जास्तच, आणि जमीन गोठलेली असली की मुळांना ते भरून काढता येत नाही. झाड महिनोनमहिने हिरवंच दिसतं आणि मग थंडी सरताना अचानक तपकिरी होतं. तपकिरी बाजू जर वाऱ्याची किंवा दुपारच्या उन्हाची असेल तर कारण जवळपास नक्कीच हे.

ओल बघायला मी लांब स्क्रूड्रायव्हर वापरतो. फांद्यांचा घेर संपतो तिथे जमिनीत दाबायचा, ओल असेल तर वीतभर सहज आत जातो, कोरडी असेल तर चार बोटांवरच अडतो. अडला, आणि बरेच दिवस पाऊस-बर्फ काही नाही, तर पाणी द्या. दिवसाचं तापमान ४ अंशांच्या वर पाहिजे आणि जमीन गोठलेली नको, आणि द्यायचं भर दुपारी, म्हणजे रात्री गोठायच्या आत मुरतं. महिन्यातून एक-दोनदा पुरतं. बुंधा ५ सेंमी जाड असेल तर साधारण ७५ लिटर, पण धार एकदम बारीक ठेवून घेराखाली सगळीकडे फिरवत, बुंध्यावर ओतून उपयोग नाही. झालं की पाइप नळापासून काढून रिकामा करा नाहीतर नळ फुटतो.

जमिनीवर लाकडाच्या चिपांचं ७-८ सेंमी आच्छादन घाला, फक्त बुंध्याला चिकटवू नका, तिथे उंदीर लपून साल कुरतडतात. अंगणातला स्वच्छ बर्फ वाफ्यांवर ढकलायचा, तो मुळांचं पांघरूण आहे, वितळला की पाणीही मिळतं. मीठ टाकलेल्या रस्त्यावरचा मात्र अजिबात नको.

पातळ सालीची कोवळी झाडं असतील, मेपल किंवा फळझाडं, तर बुंध्याला पांढरी पट्टी गुंडाळा. दुपारच्या उन्हाने नैऋत्येकडची साल तापते, आतल्या पेशी जाग्या होतात आणि सूर्य मावळला की लगेच गोठतात, मग साल उभी चिरते आणि ती जखम वर्षानुवर्षं भरत नाही. पट्टी पानगळीनंतर लावायची आणि थंडी संपली की न विसरता काढायची, आत ओल आणि किडे साठतात.

लॉनचं फार काही नाही, शेवटची कापणी ६-७ सेंमीवर ठेवा, दक्षिणेकडचा उतार सुकला तर पाणी द्या. झाडाझुडपांना उन्हाळा सरताना नायट्रोजनचं खत देऊ नका, कोवळी फूट येते आणि ती पहिल्या कडक थंडीत जळते.

आणि ते स्प्रूस अजून उपटू नका प्लीज. फांदीच्या टोकाची कळी नखाने उघडून बघा, आत हिरवी असेल तर सुया गळाल्या तरी त्या फांदीला नवी फूट येऊ शकते. साल पण हलकेच खरवडून बघा, खाली हिरवं ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. आता त्याला पाणी द्या आणि नवी फूट येऊन जाईपर्यंत कात्री लावू नका.