शिक्षणशास्त्रातील पीएच.डी.साठी माहिती संकलन झाले, पण प्रबंधलेखन अडले आहे, काय करावे?

शाळेची नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्या अनेक शिक्षकांचे काम नेमके याच टप्प्यावर थांबते, आणि त्यामागे बहुधा आळस नसून संकलित माहितीचा मूळ उद्दिष्टांशी सुटलेला धागा असतो. म्हणून प्रत्येक उद्दिष्टासमोर परिकल्पना (तपासून पाहायचे गृहीत विधान), माहिती गोळा करण्याचे साधन, सांख्यिकी तंत्र व निष्कर्ष असा तक्ता मांडावा आणि ज्या ओळीत जागा रिकामी राहील, तो प्रश्न घेऊनच मार्गदर्शकांकडे जावे.

उदाहरणार्थ, कोल्हापूर जिल्ह्यातील करवीरमधील आणि गगनबावड्याच्या डोंगराळ भागातील शाळांचे गुण नुसते शेजारी मांडल्याने विश्लेषणाचे प्रकरण पूर्ण होत नाही. फरक सार्थ, म्हणजे केवळ योगायोगाने पडलेला नाही असा, आढळला, तर तो का पडला असावा याची चर्चा पूर्वसंशोधनाच्या आधारे करावी लागते, आणि माझ्या मते प्रबंधाचे खरे मोल तेथेच आहे. हे प्रकरण आधी लिहावे, प्रस्तावना शेवटी.

पूर्वीचे प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात मिळतात. शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयातही जरूर बसावे. मात्र उतारे उचलू नयेत, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतचेच साम्य कारवाईविना चालते.

मुदतीचे म्हणाल, तर यूजीसीच्या 2022 च्या पीएच.डी. नियमांनुसार किमान 3 व कमाल 6 वर्षे मिळतात आणि पुनर्नोंदणीने आणखी 2 वर्षांपर्यंत वाढ होऊ शकते. महिला संशोधकांना व 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्याहून 2 वर्षे जास्त सवलत आहे. आपली नोंदणी जुन्या नियमांखाली असल्यास विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात लेखी विचारणा करावी.